कोमट तर कोमट

आमचे बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. लोखंडी आकडा टाकून लाद्या ओढायच्या आणि गाडीत चढवायच्या, उभा जन्म हेच केलं. संध्याकाळी घरी आले की बोटं इतकी बधिर असायची, की शर्टाची बटणं आई काढून द्यायची. मग कढत पाण्याची बादली. आतून "आहाहा" ऐकू आलं की आई म्हणायची, "आला बाई माणसात!" बाहेर यायचे ते लालबुंद होऊन. दुसरा कसलाच शौक नव्हता हो त्यांना, ना सिगरेट, ना पत्ते.

आई गेली, बाबा निवृत्त झाले, आंघोळ मात्र तीच. आणि एका सकाळी बाथरूममध्ये धाडकन आवाज झाला. कडी आतून. मी हाका मारमारून घसा फोडला. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. स्टुलावरून उठताना भोवळ येऊन पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय. फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, उठलं की अंधारी येते, आणि हृदयाची धावपळ होते ती वेगळीच. पाणी कोमट, आंघोळ झटपट, उठायचं हळूहळू.

झालं! तेव्हापासून मी फौजदार. हे नाव त्यांनीच ठेवलं. कडी मी काढूनच टाकली. कढत पाण्यात विसण मी घालायची, गार नळ माझ्याच हातात. वर दाराबाहेर पहारा. "बोलत राहा," म्हणून बजावायची, म्हणजे शुद्धीवर आहेत हे कळायचं. त्यांना विषय एकच.

"ही काय आंघोळ? भांडी विसळायचं पाणी हे! तुरुंगात तरी बरं देत असतील."

"मग जा तुरुंगात!" मी खेकसायची. भांडण चालू आहे म्हणजे बाबा ठीक आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्यापुढे हात धरले. बोटं पार वाकडी झाली होती. "एकदाच दे गं कढत. हाडातला गारठा जात नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "तुमचं होईल काय व्हायचं ते! मागे माझं कोण आहे?"

त्यांनी हात मागे घेतले. मग म्हणाले, "बरं बाई. कोमट तर कोमट."

पुन्हा कधी मागितलं नाही. कुरकुरही बंद. "बोलत राहा" म्हटलं की आतून "आहे, आहे" एवढंच. मला मेलं रडू यायचं त्या शहाणपणाचं. पण विसण घालायचं मी सोडलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. खुर्चीत मटार सोलता सोलता मान कलली, बस्स.

अंग धुवायला काका बसले, बाबांचे धाकटे भाऊ. "पाणी आण बेटा. कोमट चालेल."

"नाही चालणार!" मी ओरडलेच. सगळे दचकले.

पाणी चांगलं तापवलं. बादली भरली आणि हात सवयीने गार नळाकडे गेला. तसाच मागे घेतला.

काकांना चटका बसला. "अगं, केवढं कढत हे!"

"त्यांना असंच लागतं," म्हणत मी तांब्या घेतला आणि त्या वाकड्या बोटांवर धार धरली. लाल काही झाली नाहीत. ऊबदार मात्र झाली. "बोला ना बाबा," म्हणत मी ती हातात धरून बसले, निवेपर्यंत.