शिगोशीग हळद

रोज झोपण्याआधी मी तोंडाला कोरफडीचा गर लावतो. वय अठ्ठावन्न, धंदा डाळीचा, गाव लातूर. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे मी पुढचं सांगायला मोकळा.

आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या एकूण एक माणसाचे केस त्याच्या तरुणपणी होते त्याहून काळे आहेत. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मिशीला कलप चालतो, पण गालाला मलई लावली की लगेच "या वयात?" अहो, मग कोणत्या वयात? विसाव्या वर्षी माझ्या तोंडाला कसलीच गरज नव्हती! (तेव्हा आईनं एकच आरसा टांगला होता, तोही बहिणीच्या उंचीला.)

याची सुरुवात नांदेडला झाली. आमच्या पल्लवीला स्थळ आलं होतं, म्हणून मी आणि सुरेखा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, मुलाचं घर बघायला गेलो. दार मुलाच्या मावशीनं उघडलं. सुरेखाला "या ताई" म्हणाली आणि माझा दंड धरून म्हणाली, "या आजोबा, सावकाश. पायरी हाय." एवढ्यावर थांबली नाही, मी बसल्यावर माझ्या पाठीला तक्क्याही लावला. परतीच्या एसटीत सुरेखाला हसू आवरेना. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं तरी बाई हसतच होती.

स्थळ जमलं. सुपारी फोडायचा कार्यक्रम आमच्या घरी, रविवारी ठरला. त्या दिवशी मला मुलीचा बाप दिसायचं होतं, आजा नव्हे. मी पल्लवीलाच गुरू केलं. तिनं मला पाणी प्यायला, उन्हाचं मलम लावायला शिकवलं. ते मलम लावून पहिल्याच दिवशी दुकानात गेलो, तर आमच्या हमालानं "अप्पा, तोंडाला पीठ लागलंय" म्हणत आपल्या गमछ्यानं माझं सगळं तारुण्य पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावून गेलो.

आणि मग तो रविवार उजाडला. पल्लवीनं लेप सांगितला होता: बेसन, साय, चिमूटभर हळद, आणि थोडा वेळ ठेवून वाळायच्या आत धुणे. बेसन घरचं, साय घरची. हळद मुदखेडला दिलेल्या माझ्या अक्कानं स्वतःच्या शेतातली पाठवलेली. ती वरणात पडली की पळीसुद्धा जन्मभर पिवळी राहते. आता मी जन्मभर ठोक व्यापार केलेला माणूस, मला चिमूट कशी कळावी? चमचा घेतला आणि शिगोशीग भरून टाकला.

दुसरी गडबड त्याहून भारी. लेपाची आठवण झाली ती अंघोळ, पूजा उरकल्यावर. आम्ही लिंगायत, त्यामुळे पूजा झाली की कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढलेले असतात. वडिलांचा दंडक होता, लावलेलं भस्म हातानं पुसायचं नाही. तो मी आजवर मोडलेला नाही. मग काय, बोटानं बेतानं पट्टे सोडून आजूबाजूला लेप लावला, पट्ट्यांच्या मधल्या फटीसुद्धा भरल्या. एवढ्यात तुरीची गाडी अडकल्याचा दुकानातून फोन आला. मी बोलत बसलो आणि तोंडाचा पापड झाला.

शेवटी तोंडावर पाणी मारलं. भस्म आपोआप वाहून गेलं. (पाण्यानं गेलं, हातानं पुसलं नाही. दंडक शाबूत!) आरशात बघितलं तर तोंड पिवळंधमक, आणि कपाळावर माझ्या मूळ कातडीचे तीन गोरे पट्टे.

सुरेखा आली आणि भिंतीला टेकली. "ओ, हे काय करून ठेवलाव? लग्न पोरीचं हाय का तुमचं?"

मी घाईनं धुण्याचा साबण घासला. तोंड लालभडक झालं! पल्लवी धावत आली. साबणानं हळद लाल होते, लिंबू लावा म्हणाली. लिंबू पिळलं तर लाली गेली आणि पिवळा रंग आधीपेक्षा ताजा होऊन परत आला. शिवाय रस डोळ्यांत गेला. मी तिसरा उपाय शोधत होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. ऊन लागायच्या आत पोचावं म्हणून पाहुणे नांदेडहून पहाटेच निघाले होते.

मी भस्म पुन्हा लावलं (जागा आयत्याच आखलेल्या होत्या) आणि उजेड कमी असलेला कोपरा धरून बसलो. नेमके मुलाचे आजोबा शेजारी टेकले. त्यांनी चष्मा चढवला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि न विचारता माझी खालची पापणी ओढली.

"कावीळ हाय," ते म्हणाले. "लई मुरलेली."

मावशी मुलाच्या आईच्या कानाशी लागली, पण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सुपारी आजच फोडायची काय घाई हाय, आधी ह्यांच्या तब्येतीचं बघू, असं तिचं म्हणणं. मी आतल्या दाराकडे पाहिलं. नवं लुगडं नेसून उभी असलेली पल्लवी कावरीबावरी झाली होती. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे मला ठाऊक होतं. घराला रंग द्यायचं काम काढलंय असं सांगा, म्हणून सुरेखा मागून कुजबुजत होती. पण मला का कोण जाणे, रागच आला.

मी उभा राहिलो. "कावीळ नाही, हळद आहे. तरुण दिसावं म्हणून मीच लावली. मागच्या खेपेला मावशींनी मला आजोबा म्हटलं, ते मला लागलं. मी पोरीचा बाप आहे, बापच दिसायचं होतं मला. चमच्याचा अंदाज चुकला, एवढंच. आणि उद्या परत लावणार आहे."

सुरेखानं डोळे मिटून घेतले होते. मग आजोबांनी चष्मा काढला.

"लावा की," ते म्हणाले. "पण वरून करडईच्या तेलाचा हात फिरवायचा. नुसत्या हळदीनं कातडं सुकतंय." आणि माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या गालावर फिरवला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण गाल लोण्यासारखा! सगळी बैठक हसली. सुपारी फुटली. जाताना मावशीनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ही हळद कुणाकडं मिळते?

पल्लवी आता नांदेडला सुखात आहे. मी काहीही सोडलेलं नाही. गर चालू, उन्हाचं मलम चालू, वरून करडईचं तेल. सुपारीच्या दिवशीचा फोटो बैठकीत लावलाय. नटलेली पल्लवी, आणि शेजारी नव्या सदऱ्यात, कपाळावर भस्म लावलेला, पिवळाधमक मी.

परवा देवणीकडचे एक व्यापारी पहिल्यांदाच घरी आले. फोटोसमोर बराच वेळ थांबले. मी छाती काढून मागे उभा होतो. मग ते वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळहळत म्हणाले, "अप्पा, एवढी गुणाची पोरगी. एवढ्या म्हाताऱ्या नवरदेवाला का दिलाव?"

सुरेखा अजून हसते आहे. हसू दे. फोटोतला म्हातारा आणि समोर उभा असलेला मी एकच आहोत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. म्हणजे गुण येतोय!