राईची कुंभारीण

भाईंदर पश्चिमेहून बसने राईला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. नव्या इमारतींच्या मागे खाडीकडची जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांपैकी एक ओळखीच्या हौसाबाईंचे. तिथे ओट्याच्या गिलाव्याचे काम अडले होते. गवंडी बिडी ओढत बसला होता.

अडचण ओट्याच्या पायथ्याशी होती. तिथल्या मातीत एक बीळ होते आणि निळसर काळा कीटक आपल्याहून मोठा, निपचित पडलेला कोळी उलट चालत त्याकडे ओढत होता.

“भाऊ, तुमी किड्यांचे फोटू काढता. माज्या सुनंला सांगा, ही कुंभारीण हाय,” हौसाबाई म्हणाल्या. मातीचे घर बांधणारी ही माशी दारात आली की घरात पाळणा हलतो, असे त्या मानतात. म्हणून दरवर्षी बीळ राखतात. सून सुवर्णाच्या लग्नाला सहा वर्षे झाली आहेत.

“बुजवा ते बीळ. ती दिसली का आख्खी आळी माज्या पोटाकडं बघते,” सुवर्णा आतून म्हणाली.

मी वाकलो. चष्मा गिलाव्याच्या घमेल्यात पडला. गवंड्याने तो काढून दिला. “दादा, माल सूख रहा है. जल्दी बोलो.”

मी सांगितले: ही कुंभारीण नाही, मडके बांधत नाही. कोळ्याला नांगी मारून बधिर करते, बिळात पुरते, त्यावर एक अंडे घालते. काही जण गांधीलमाशी म्हणतात. पण हिला पोळे नसते आणि ती माशीही नाही. इंग्रजीत हिच्या मोठ्या जातबहिणींना ‘हॉक’, म्हणजे ससाणा म्हणतात. त्याही पक्षी नाहीत.

“मंग हाय तरी कोन?”

“मराठीत वेगळे नाव मला ठाऊक नाही.”

“मंग सा वर्सं मी हळदकुंकू कोनाला वाहिलं?”

“कोळ्यांच्या मारेकरणीला, आई,” मी म्हणालो.

 हौसाबाई गवंड्याला म्हणाल्या, “लाव बाबा, बुजव ते.”

तोवर कीटक कोळ्यासह आत गेला होता. गवंड्याने थापी उचलताच सुवर्णा बाहेर आली. “भैया, वो छेद छोडना.”

“आता कशाला?” सासूने विचारले.

“आत अंडं घालते ती. माज्या पोटाकडं बघत होती ती आळीतली मानसं. हिनं माजं काय बिघडवलं?”

गवंड्याने वाटीएवढी जागा सोडून गिलावा केला. दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण झाले.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आले: त्या घरी मी अनेकदा जेवलो आहे. नातवाचा विषय न निघालेले हे पहिलेच जेवण.