अण्णाच्या टेपची वायर

अण्णाच्या टेपची वायर मीच कापली होती.

त्यांच्याच कापडाच्या कात्रीनं. तीन तुकडे.

आज अण्णाला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मनात घेऊन फिरले. आज सगळ्यांना सांगते. जास्त शिकलेली न्हाई मी, बोलून लिहायलेय, चुकलं तर समजून घ्या.

अण्णा म्हंजे माझे वडील. केजला शिलाईचं दुकान होतं. मशीनच्या शेजारी गाण्याचा जुना कॅसेटवाला टेप. सकाळी शटर उघडलं की आधी टेप लागायचा, मग मशीन.

माझी लेक परी तवा आठ महिन्याची होती. मी माहेरी गेलते. दुकानात अण्णाला डबा द्यायला गेले, परीला खाली ठेवलं, अण्णा चहाला गेलते.

टेपची वायर मागून ढिली झालती. सारखी निघायची.

वळून बघते तर वायरचं टोक परीच्या तोंडात.

भिंतीवरचं बटण चालूच होतं.

लाईट गेलती म्हणून माझं लेकरू आज हाय. एवढंच. दुसरं काई न्हाई.

मी वायर ओढून काढली अन् समोर दिसली ती कात्री घेतली. त्या कात्रीनं साधा कागद कापला तरी अण्णा दुकान डोक्यावर घ्यायचे. मी तिनं वायर कापत बसले. कापतच बसले. परी रडायलती, मी बी रडायलते.

अण्णा आले. आधी तुकड्याकडं बघितलं, मग कात्रीकडं.

"पोरीला काई झालं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग झालं."

तुकडे रुमालात गुंडाळले अन् खिशात घातले. कात्रीची धार गेलती, तिच्याबद्दल एक शब्द न्हाई.

त्यानंतर दुकानात टेप वाजलाच न्हाई. नुसती मशीनची खडखड.

आई म्हणायची, "अहो, कावून आणत न्हाईत वायर?"

अण्णा म्हणायचे, "लई जुना टेप हाय. मिळत न्हाई."

अडीच महिन्यानी अण्णा गेले. मशीनवर बसल्या बसल्या.

मला रोज एकच वाटायचं. शेवटचे अडीच महिने माझ्यामुळं ते मुके बसले. माझ्यावर राग धरून गेले का?

मग वर्षश्राद्ध जवळ आलं. घरात एक कॅसेट हाय, तिच्यात अण्णाचा आवाज हाय. मी ठरवलं, त्या दिवशी ती लावायची.

केजात सगळी दुकानं फिरले. एका ठिकाणची वायर बसेचना, दुसऱ्या ठिकाणची बसून निसटायची.

एक मोबाईलवाला म्हणला, "ताई, हे भंगारात द्या. ब्लूटूथ घ्या."

दादा, माझा मोठा भाऊ, तर म्हणला, "कशाला फिरतीस? दोन वायरी सोलून टेपात खोस, काडीपेटीच्या काड्या ठोक. वाजतंय."

मी म्हणले, "दादा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? घरात लेकरू हाय."

"भित्री ती भित्रीच," म्हणला.

मग परवा टेप अण्णाच्या टॉवेलात बांधला अन् जीपनं अंबाजोगाईला गेले. मांडीवर घेऊन. तिथं एक म्हातारे चाचा जुने रेडिओ, टेप दुरुस्त करतात असं कळालतं.

चाचानं टॉवेल सोडला. टेपची मूठ तुटलेली, अण्णानं जीनचं कापड लावून शिवलेली. त्या शिलाईवर त्यांनी बोट फिरवलं.

"अरे, ये तो अण्णा का टेप है!"

मग माझ्याकडं बघून म्हणले, "तू कात्रीवाली का गं?"

कात्रीचं ह्यांना कुणी सांगितलं?

चाचा हसायलते. "हसून हसून सांगितलं मला त्यानं. म्हणला, माझी लेक झुरळाला भिते, पण पोरीसाठी करंटच्या वायरीला भिडली. मोठ्या कात्रीनं! लई खूश होता."

उठले अन् खिळ्यावरून एक पुडकं काढलं. जीनच्या कापडात गुंडाळलेलं.

आत वायर.

"टेप अन् तुकडे घेऊन आलता, मी तशीच शोधून दिली. टेपाला बसवून बघितली, वाजवून बघितली. अन् नेली न्हाई. म्हणला, चाचा, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दुकानात असली तर मला राहवायचं न्हाई, मी लावीन. नातीला जरा समज येऊ द्या, मग नेतो."

म्हंजे वायर मिळालती.

अण्णा आमच्याशी खोटं बोललते.

"पण आलाच न्हाई नंतर. कसा हाय?"

मी सांगितलं. चाचानं टेपवर हात ठेवला, मग वायर माझ्या हातात दिली.

जीपमदी मी इतकी रडले की शेजारची बाई म्हणली, "कोण गेलं गं?" मी म्हणले, "न्हाई मावशी, सापडलं."

आज सकाळी नैवेद्य झाल्यावर टेप काढला. परीला आईनं मांडीवर घट्ट धरलं. दादा म्हणला, "आण, मी लावतो." मी म्हणले, "सरक."

कॅसेट घातली, वायर लावली. बटण दाबलं.

आधी खरखर. मग अण्णा.

काय बोलावं सुचलं नसंल त्यांना, तर मापंच सांगायलते! "छाती छत्तीस, बाही तेवीस, कॉलर पंधरा." आई इतकी हसली, वर्षात पहिल्यांदा.

मग म्हणले, "बास. आता बंद कर. दाब की ते बटण."

अन् माझा आवाज. सात-आठ वर्षाची असंन. "भेव वाटतंय अण्णा."

"काय चावतंय का ते? मी हाय ना इथं. दाब."

खट्.

पुढं कॅसेट रिकामी हाय.

अण्णा, वायर काढून वर फळीवर ठेवलीय. परीचा हात पुरत न्हाई. कात्रीला बी धार लावून आणलीय.

तुमी निवांत रहा.