फक्कीची रेघ

गोराईची शेवटची घरं मागे पडली होती आणि मनोरी अजून तासभर लांब होती, तेव्हा काशीकाका पहिल्यांदा थांबले. हातातला डालड्याचा डबा आणि काखेतला झाडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "दमलीस काय गो सुनंदा?"

"नाही," मी म्हटलं. दमले होते, पण त्यांना सांगायचं नव्हतं. अकरा महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलत होते.

डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडलेली होती आणि आत फक्की होती, शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात ती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सत्त्याऐंशीच्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजता याच रस्त्यावर सायकलची शर्यत होती. गोराई ते मनोरी आणि परत. आदल्या दिवशी काका सगळा रस्ता पायी चालत आणि फक्कीने खुणा करत. या खेपेला ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "सुनंदाला पाठवा माझ्याबरोबर." मी आतच बसून होते. आई म्हणाली, "माणूस दारात आलाय. जा."

काशीराम धुरी आमच्याच चाळीतले, बोरिवलीच्या काजूपाड्यातले. मूळ मालवणकडचे. गिरणीत फिटर होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, तेव्हा त्यांनी पिंपळाखाली सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच थंडीत त्यांनी पहिली शर्यत घेतली. तरुणपणी ते स्वतः एकाच सायकल शर्यतीत उतरले होते. बाकीचे सगळे तयारीचे. काका पोचले तेव्हा बक्षिसं वाटून मांडव उतरवत होते, आणि एकाने विचारलं, दूध घालायला आलास का? ते पुन्हा गेले नाहीत. म्हणून त्यांच्या शर्यतीत फक्त नवखे. सायकल साधी, कॅरिअर काढलेली. जो पहिला येईल त्याने पुढल्या वर्षी धावायचं नाही, लाल फडकं घेऊन वळणावर उभं राहायचं. आणि शेवटचा येईपर्यंत काका रेघेवरून हलायचे नाहीत. पोरं सायकली होडीत घालून खाडी ओलांडायची. त्यांच्या पाठीवरचे आकडे मी शिवायची, मांजरपाटावर काळ्या कापडाचे.

गेल्या वर्षी अकरा नंबर माझ्या भावाचा होता, रतनचा. बांधाजवळच्या वळणावर तो खड्ड्यात गेला. तीन दात पडले, खांद्याचं हाड मोडलं. कंपनीत टेम्पररी होता, ती नोकरी गेली. आजही त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. काका रोज दवाखान्यात यायचे, मी उठून बाहेर जायची. घरी आले तेव्हा मी दार लावून घेतलं. देवापुढे दिवा लावताना वर्षभर मी त्यांच्यासाठी काही मागितलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

आम्ही पुढे निघालो. रस्त्याकडेला एक क्रूस होता, मी हात जोडले. काका रेघ मारत पुढे. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. ती थांबली. "काय रे बाबा, रस्त्याला पावडर लावतोस? लगीन हाय का त्याचं?"

"उद्या नऊ वाजता," काका म्हणाले. "जेवण नाय, पण ये."

ती हसत गेली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "काका, यंदा खड्ड्यांना रिंगण नाही करत?" दरवर्षी ते प्रत्येक खड्ड्याभोवती पांढरं रिंगण करायचे. या वर्षी मात्र नुसती लांब, तुटक रेघ चालली होती.

"नाय." थोडं चालून ते म्हणाले, "रिंगणानेच तर रतन पडला."

मी पावलं उचलून त्यांच्या बरोबरीने आले. ते चालतच सांगत होते.

"चार वर्षं पोरांना सांगत होतो, पांढरं दिसलं की सांभाळा. सरावलेला माणूस एकदा बघतो नि सोडून देतो. नवखा बघतच राहतो. नजर जाते तिथे चाक जातं. दुकानात शंभर पोरांना सायकल शिकवली मी, आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये? रतनने सांगितलं तेव्हा समजलं. म्हणाला, काका, मी खड्डाच बघत होतो. म्हणून आता खड्ड्याला खूण नाय. चाक जायला पाहिजे तिथे खूण."

रतन मलाही हेच म्हणाला होता. मला वाटलं, काकांना पाठीशी घालतोय.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"दार कुठे उघडं होतं गो?"

ते पुढे, मी मागे. बांधाजवळचं वळण आलं. रेघ नीट वळली, आणि मग मी थांबले. पांढरी रेघ सरळ एका खड्ड्यात उतरली होती आणि पलीकडून वर आली होती. खड्डा लहान नव्हता. काकांचा पायही त्याच्या कडेवर पडून गेला असणार.

"काका, मागे या."

ते आले, खाली बसले आणि तळव्याने खड्डा चाचपू लागले, भिंतीवरचं बटण अंधारात शोधावं तसे. चार वाजता, लख्ख उन्हात. कडेवरून हात दोनदा फिरवला. मग तसेच बसून राहिले.

"काचबिंदू," ते म्हणाले. "डावा डोळा गेला. उजव्याला समोरचं दिसतं, पायाखालचं नाय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाय."

"कधीपासून?"

"गेल्या शर्यतीच्या आधीपासून. तेव्हा वाटायचं, चष्मा बदलला की झालं."

मला राग यायला हवा होता. आलाही. मी चपलेने ती रेघ घासून पुसली, त्यांच्या हातातून डबा घेतला आणि खड्ड्याच्या बाजूने नवी मारली.

"शर्यत रद्द करा," मी म्हटलं.

"एकवीस पोरं आहेत. त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार?"

"आणि त्यातलं एक पडलं तर?"

काका झाडू उचलून चालू लागले. मनोरीपर्यंत डबा माझ्याच हातात होता. खड्डा आला की मी सांगायची, आणि त्याच्यापासून किती हात लांब रेघ मारायची ते काका सांगायचे. पुढल्या एका वळणावर वाळू आली होती, ती आम्ही दोघांनी झाडूने लोटली. बंदरावर पोचलो तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. काकांनी चहा सांगितला.

"दशरथला का नाही आणलंत?" मी विचारलं. दशरथ पहिल्या वर्षीचा विजेता, काकांचा उजवा हात.

"दशरथ माझा माणूस. मी म्हटलं रस्ता बरा आहे, तर तो म्हणणार, होय काका." त्यांनी कप खाली ठेवला. "तू नाय म्हणणारी आहेस. तुझ्या घरातलं माणूस पडलंय. तू रागाने बघशील, आणि रागाने बघणाऱ्याला सगळं दिसतं."

गळ्यातली शिट्टी त्यांनी काढली. काळ्या दोरीची, गिरणीच्या काळापासूनची. तिच्याशिवाय त्यांची शर्यत कधी सुटली नव्हती. ती त्यांनी माझ्या पांढऱ्या हातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"उद्या पहिल्या होडीने ये. सात वाजता, उजाडलं की, एकटीने रस्ता बघ. तुला बरा वाटला तरच ही मला दे. नाय वाटला तर देऊ नको, सुनंदा. मी सगळ्यांसमोर मागितली तरी देऊ नको."