निम्म्या पगारावरची सही

प्रवीणदादा गेल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी साताऱ्याच्या ऑफिसात जेवायचा डबा उघडत होते. आजारपण माहीत होतं, डॉक्टरांनी आशा सोडल्याचंही माहीत होतं. तरी मी डबा पुन्हा बंद केला, झाकण नीट लागलंय ना ते पाहिलं, आणि मग रडू आलं. दादा माझा मामेभाऊ, पलूसचा. व्यावसायिक फुटबॉल खेळलेला आमच्या नात्यातला तो एकटाच. बचावफळीत खेळायचा आणि शेवटची काही वर्षं दूरच्या एका शहरातल्या क्लबचा कर्णधार होता. दुसऱ्या दिवशी पेपरांत आलं त्यात एकच गोष्ट ठळक होती : नव्या पोरांना संघात जागा मिळावी म्हणून निम्म्या पगारावर सही करणारा मोठ्या मनाचा खेळाडू. पलूसच्या शोकसभेतही जो उठला तो हेच बोलला. मी मागच्या रांगेत होते. मला सभेत बोलता येत नाही. पण ऐकताना सारखं वाटत होतं, दादा इथे असता तर उठून बाहेर गेला असता... म्हणून हे लिहिते आहे.

मी पाचगणीला बोर्डिंगमध्ये शिकले. सुट्टीत पलूसला गेले की घरातली सगळी माझ्याशी जरा जपून बोलायची. दादा तेवढा चिडवायचा. “काय गं गौरे, भांडन तरी मराठीतनं येतंय का, का तेबी इंग्रजीत?” पुढे तो क्लबकडून खेळायला लागला तेव्हा हीच इंग्रजी आम्हाला जवळ घेऊन आली. बोलण्यातलं इंग्रजी त्याला कळायचं, पण करारातली वाक्यं वळसे घेत जाणारी. नवा करार आला की तो मला पाठवायचा, फोन लावायचा आणि मी एकेक कलम वाचायची. मधेच म्हणायचा, “थांब. ह्याचं मराठी कर, मग फुडं जा.” एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. त्या फोनवर मात्र मी तासभर बोलायची.

ज्या वर्षाबद्दल सगळे बोलतात, त्या वर्षी लीगने पगाराची मर्यादा घट्ट केली होती. प्रत्येक क्लबने सगळ्या खेळाडूंवर मिळून एका ठरावीक रकमेच्या वर खर्च करायचा नाही, असा तो नियम. मालकांच्या सोयीचा, असं खेळाडूंचं म्हणणं. क्लबने जुन्यांना कमी पगाराचे करार पुढे केले, तेव्हा खेळाडूंनी बसून ठरवलं की एकट्याने कुणी सही करायची नाही, जे काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून. दादा त्या बैठकीत होता. मग व्यवस्थापनाने त्याला एकट्याला बोलावलं आणि सांगितलं, मर्यादेत बसत नाही म्हणून अकादमीतल्या तीन पोरांना सोडावं लागतंय. बाहेर पडल्या पडल्या त्याने मला फोन केला.

“गौरे, मी निम्मं घेतलं तर ती पोरं बसत्यात का त्यांच्या हिशेबात?”

“कागदावर तरी बसतात. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना दादा?”

“ते जास्त मागायचं ठरलंय. कमी घ्यायला कुनाला इचारायचं असतं व्हय?”

हे वाक्य कळायला आमचं घर माहीत असावं लागतं. मामांच्या वाटणीच्या वेळी थोरल्या मामांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, ओलिताखालची द्राक्षबाग आपणहून धाकट्याला दिली आणि वरचा खडकाळ तुकडा स्वतःकडे ठेवला. त्यावरून घरात ना चर्चा झाली ना कुणी आभार मानले. थोरल्याने मागे राहायचं असतं, एवढंच. दादा त्यातच वाढला. त्याला वाटलं, क्लब म्हणजे असंच एक एकत्र कुटुंबाचं खटलं, पगार म्हणजे वाटणी आणि आपण थोरले. पण या घरात वाटणी करणारा भाऊ नव्हता, मालक होता. दादाने सोडलेलं धाकट्यांच्या पदरात पडेल, याची हमी कुठल्याच कलमात नव्हती.

दादाने निम्म्यावर सही केली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून क्लबने एकेका जुन्या खेळाडूला आत बोलावलं आणि कर्णधाराची सही दाखवली. तो निम्म्यात तयार आहे, मग तुमचं काय? एकेक जण सही करून बाहेर आला. तीन पोरांपैकी एकाला हंगामाच्या मध्यातच दुसरीकडे धाडलं. संघाचा गोलरक्षक इरफान लोणंदचा, दादाचा जुना मित्र. तो फक्त एवढंच म्हणाला, “पव्या, तू दान केलंस, पर खिसा आमचा कापला गेला.” त्यानंतर तो दादाशी बोलेना.

पुढच्या हंगामात पगार थकले आणि खेळाडूंनी सराव बंद केला. क्लबच्या फाटकाबाहेर सगळे बसले. दादाही गेला. इरफान म्हणाला, “तू आत जा. तुझं आन् त्यांचं चांगलं जमतंय.” बाकीच्यांपैकीही कुणी सरकून जागा केली नाही. दादा रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीशी जाऊन बसला. एकटाच. तोडगा निघेपर्यंत तो रोज तिथे बसला. मी फोनवर विचारलं, आत जाऊन सराव करशील तर करार वाढेल ना तुझा? तर म्हणाला, “वाढंल की. पर ह्या बारीला बसायचं ठरलंय.” “ते तुला बसू देत नाहीत दादा.” “व्हय... पर बसायला तर येतंय.” पगार मिळाले. दादाचा करार मात्र संपला आणि क्लबने तो पुन्हा केला नाही. तो पलूसला परत आला.

सांगलीच्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली. नातेवाईक येत होते, कुणीतरी त्याच्या त्यागाचं बोललं, तो भिंतीकडे बघत राहिला. सगळे गेल्यावर मला म्हणाला, “तू वाचून दावलंस सगळं. तू सांग, मी चुकलो का?” मी सहसा अशा प्रश्नांना बगल देते. पण त्याला खरंच ऐकायचं होतं. मी म्हटलं, “हेतूने नाही. पण हो, चुकलास.” त्याने डोळे मिटले. मला वाटलं, दुखावला... मग म्हणाला, “बरं वाटलं. सगळी पाया पडायला येत्यात. भांडायला कुनीच न्हाई.”

शोकसभेला इरफान आला होता. बोलायला उठला नाही. सभा संपल्यावर बाहेर त्याने मला गाठलं. “सगळी निम्म्या पगाराचंच बोलली,” तो म्हणाला. “रस्त्यापलीकडं बसला हुता, ते एक बी बोललं न्हाई.”

“तुम्ही का नाही बोललात?”

“कुठल्या तोंडानं बोलू... मीच बसीवला हुता तिकडं.”

गेल्या रविवारी मी पलूसला गेले होते. दादा शेवटची दोन वर्षं तिथल्या शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवायचा. सराव बंद पडला असेल असं धरून मी नुसतीच चक्कर मारायला गेले, तर पोरं आलेली होती आणि गवतात गोल करून बसली होती. थोरल्या मामींनी नंतर मला त्याचा उलगडा केला. जत्रेच्या स्पर्धांसाठी गावोगावचे संघ चांगल्या पोरांना पैसे देऊन बोलावतात. बोलावणं आलं की कबूल होण्याआधी आकडा सगळ्यांपुढे मोठ्याने सांगायचा, अशी दादाने पद्धत लावली होती. त्या दिवशी एक उंच मुलगा उभा होता. लाजत त्याने आकडा सांगितला.

“एवढ्यातच? मागल्या साली मला ह्याच्या वर दिलं हुतं की त्यांनी,” बसलेल्यांतला एक जण म्हणाला.

“माजं भागतंय रं तेवढ्यात,” उंच मुलगा म्हणाला.

“तुजं भागंल. फुडल्या बारीला मला बी तेवढ्यातच बोलवत्याल, त्याचं काय?”

मुलगा पुन्हा खाली बसला. कुणीतरी म्हणालं, अजय यायचा आहे अजून, त्यालाही विचारू, मग आकडा ठरवू. चेंडू मैदानाच्या मधोमध पडून होता. पोरं रस्त्याकडे बघत बसली होती आणि एकही जण उठला नाही.