बाने विचारलं ते

सखू, मी सुरगाण्याहून निघालो त्या सकाळी तू 'दादा, दादा' करत जीपमागे वळणापर्यंत पळत आली होतीस. आई दारातच थांबली. बा एवढंच म्हणाला, "हातपाय सांभाळ रं."

दुसऱ्याच वर्षी नाशिकरोडच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली माझा डावा हात मनगटापासून गेला. मग लाकडाचा बसवला. बोटांना स्प्रिंगा, वरून कातडीच्या रंगाचा रबरी मोजा. शेठनी मला गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं. पण बाला काय तोंडानं कळवणार? पत्रात 'मजेत आहे' लिहायचो. दिवाळी आली की ड्युटी पुढे करायचो. चार वर्षं घरी फिरकलो नाही. इथे शेजाऱ्यांसमोरसुद्धा हात खिशातच.

एकदा भर दुपारी बसस्टँडवर एकानं भाजीवाल्या मावशींचं मंगळसूत्र हिसकलं. मी आडवा गेलो. त्यानं चाकू उगारला, मी डावा हात पुढे केला. चाकू लाकडात रुतला तो निघेचना. चोर बघतच राहिला आणि लोकांनी त्याला धरलं. मावशी रडत रडत माझा हात कुरवाळत होत्या. फाटक्या मोज्यातून लाकूड, स्प्रिंगा, सगळं उघडं पडलं होतं. पेपरात फोटो आला, 'लाकडी हाताचा वीर'. कॉलनीनं हार घातला. मला मात्र एकच भीती, हे बाच्या कानावर गेलं तर?

तुमच्या शाळेच्या गुरुजींनीच तो पेपर बाला वाचून दाखवला ना? तिसऱ्या दिवशी बा माझ्या खोलीच्या दारात उभा. हाताकडे बघून त्यानं विचारलं,

"दुखतं का रं?"

"नाही बा. लाकूड आहे ते."

"लाकडाचं नाय इचारत मी."

चार वर्षांचं रडू तेव्हा फुटलं. बाने मला पोटाशी धरलं.

आता लग्न झालंय, सुमन आहे, कॉलनीत दोन खोल्या आहेत, सकाळी चहाबरोबर ब्रेड असतो. तरी बाहेर पडताना मोजा चढवतोच. उघडा हात दिसला की लोकांना अजून तो फोटोतला वीरच लागतो. सुरगाण्याला आलो की उंबऱ्यातच लाकडी हाताचा पट्टा सोडतो. घर म्हटलं की मला ते सुटणंच आठवतं. आई तो हात पदरानं पुसून धान्याच्या कणगीवर ठेवते आणि नागलीच्या भाकरीचे तुकडे करून माझ्या ताटात घालते.

एका हातानं भाकरी मोडायला मी केव्हाच शिकलोय, सखू. आईला सांगू नकोस.