चांगली बाजू आत

माझा मामा गाद्या शिवतो. आयुष्य कापसात गेल्यामुळे की काय, त्याच्या बोलण्याचालण्यातही एक मऊ पेंग उतरली आहे. त्याला वेळ विचारली तर तो आधी उजेडाकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि तोवर वेळ बदललेली असते. मला सगळं भराभर उरकायची खोड, त्यामुळे नोकरीसाठी त्याच्या घरी राहायला आल्यापासून माझा जीव सतत टांगणीला. पण त्याने शिवलेल्या गादीवर पाठ टेकली की माझा रागही धड टिकत नाही.

मामी त्याच्या अगदी उलट, ताठ आणि टक्क जागी. ती मोटारीत बसत नाही, अगदी मामाच्या जुन्या गाडीतही नाही. ती लहान असताना तिचे वडील गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच उताराला ब्रेक लागले नाहीत. त्यात ते गेले. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "ब्रेक बसवणारा स्वतः गाडीत बसणार असेल, तर मी बसेन." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामीने ताकाचं नावच टाकलं होतं.

इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. तिची थोरली बहीण डोंगरावर राहते, तीच खाली यायची. यंदा तिने अंथरूण धरलं. वर बस जात नाही. संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवल्यावर मामी कितीतरी वेळ खिडकीशी उभी असायची. मामा शिवता शिवता ते बघायचा. एका सकाळी दोरा दातांनी तोडून तो म्हणाला, "ब्रेक मी बसवतो."

मला हसू आवरेना. "मामा, तू कधी पंक्चर तरी काढलंयस का?"

"नाही. पण पहिली गादी पण कधीतरी शिवलीच की."

नवे ब्रेक पॅड आले आणि त्याच्या उशाशी पडून राहिले. तो फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघायचा आणि बघता बघता झोपायचा. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. शेवटी सुट्टीच्या दुपारी त्याने गाडी अंगणात सपाटीवर घेतली आणि मागच्या चाकांना दगड लावले. पुढची बाजू जॅकवर उचलून नट पिळायला लागला, तर नटाबरोबर चाकच गरगरायला लागलं. गाडी पुन्हा खाली. नट आधी सैल करायचे असतात, हे त्याला तेव्हा आठवलं. मी कपाळाला हात लावला.

पण मग दुपार हळूहळू त्याच्याच चालीने चालायला लागली. चाक निघालं. आतली लोखंडी तबकडी उन्हात चमकत होती. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा पंजा, म्हणजे कॅलिपर, त्याने सोडवला आणि गादीच्या सुतळीने वर टांगला, नळीवर ओझं येऊ नये म्हणून. कामाच्या खोलीतून कापसाचे तंतू उडत येत होते, त्याच्या केसांवर बसत होते. तबकडीवरून तो तळहात असा फिरवत होता, जणू कुणाला थोपटून निजवतोय. हा मनुष्य आता स्वतःच झोपेल अशी मला भीती वाटली.

मामी बघणार नव्हती. तरी पाण्याचा तांब्या द्यायचं निमित्त करून पायरीवर आली आणि तिथेच बसली. मामाने तबकडीला घासून चाक थांबवणारे नवे पॅड जागेवर सरकवले, पंजा बसवला, बोल्ट आवळले आणि खुशीत मागे सरकला. "झालं एक!"

मामीने खाली पडलेला जुना पॅड उचलला. उलटासुलटा करून पाहिला. एका बाजूला नुसतं लोखंड, दुसऱ्या बाजूला घासून गुळगुळीत झालेला पातळ थर.

"अहो, घासलेली बाजू तर ही," ती म्हणाली. "मग नव्यांची ही बाजू बाहेर का?"

मामाने वाकून पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी हयात चांगली बाजू बाहेर, शिवण आत. त्याच सवयीने हातांनी पॅड उलटे बसवले होते. लोखंडावर लोखंड. असंच राहिलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हा तिघांनाही कळलं. मलाही दिसलं नव्हतं, आणि मी तर शेजारी उभी राहून त्याला शहाणपण शिकवत होते.

तो मातीतच बसला. "राहू दे. माझं काम नाही हे. तुला कुठल्या तोंडाने बस म्हणू?"

मामी उठली. तिने पदर खोचला. मला वाटलं, आता आत जाईल आणि संपलं सगळं. ती चाकापाशी बसली.

"तुम्ही चुकलात ते मला दिसलं. बाबांच्या वेळी बघायला कुणी नव्हतं. सोडा तो बोल्ट."

पॅड सुलटे झाले. दुसऱ्या बाजूचे तिने स्वतः बसवले, प्रत्येक पॅड जुन्याशी ताडून. चाकं चढली, गाडी खाली आली, नट आवळून झाले. मग मामाने तिला चालकाच्या जागेवर बसवलं आणि ब्रेकची पायपट्टी दाबायला लावली. पाय थेट तळाला गेला. ती पांढरीफटक पडली.

"पहिल्यांदा जातोच तो," मामा म्हणाला. "पॅड तबकडीला टेकेपर्यंत दाबत राहा."

ती दाबत राहिली. हळूहळू पट्टी वर आली, घट्ट झाली. मग मामाने अंगणातच गाडी मागेपुढे करून दहादा थांबवून दाखवली, आणि मामी त्याच्या शेजारी येऊन बसली. मी मागे.

आमच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे. मामाने तिथे गाडी पायी चालणाऱ्या माणसाहून हळू नेली. मामीचा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर गच्च दाबलेला होता. उताराच्या मध्यावर मामाने ब्रेक दाबला.

गाडी उभी राहिली. एका परसातले वाळत घातलेले कपडे हलत होते.

"थांबली," मामी म्हणाली. डोळे पुसले, आणि पाय उचलून जवळ घेतला. "चला आता. ताई वाट बघत असेल."